जपान: आईबाबांसोबत चौदा दिवस. काय ठेवू, काय सोडू?

मुठाकाठ · ११ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. ओकायामा शहरातल्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर ते केलेलं आहे. बाबा निवृत्त झाल्यापासून सकाळचं फिरणं तिथेच. दोन फेऱ्या मारायच्या, पाण्याकाठी थोडं टेकायचं आणि घरी यायचं. मागच्या महिन्यात चहा पिताना सहज म्हणाले, "मूळची बाग एकदा बघायला पाहिजे." बाबांनी आजवर आमच्याकडे काही मागितलेलं नाही. त्या एका वाक्यावर मी आणि बहिणीने जपानचं पक्कं केलं.

बाबा ७१, आई ६६. बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे. सपाटीवर तास-दीड तास चालतात, पायऱ्या उतरताना त्रास होतो. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. बाबांना जुन्या अक्षरांचं वेड आहे. मोडी सफाईने वाचतात, देवळात शिलालेख दिसला की तिथून हलत नाहीत. आईला देवळं, झाडं आणि माणसं.

एका प्रवासी कंपनीने नऊ दिवसांचा कार्यक्रम पाठवला होता. टोकियो, फुजी, शिराकावा-गो, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा. जवळजवळ रोज नवं हॉटेल. कोराकुएन त्यात नाहीच. आईने कागद वाचून परत दिला. म्हणाली, "एवढी धावपळ ह्यांच्या गुडघ्याला सोसायची नाही." म्हणून आता आमचं आम्हीच जायचं ठरवलंय. चौदा दिवस हातात आहेत. शहरांची रोषणाई नाही पाहिली तरी चालेल. जुनं जपान आणि तिथला निसर्ग जिथे शांतपणे बघता येईल, अशा जागा सुचवा. आणि काय सोडू तेही सांगा, कारण सोडणंच जड जातंय.

---

जाई · ११ जून, रात्री १०.०५

वाचतेय. आम्हालाही पुढच्या वर्षी सासूबाईंना घेऊन जायचंय. जाणकारांनी खाण्याबद्दल जरा सविस्तर लिहा.

---

तोक्योकर · १२ जून, पहाटे ५.५०

मी बारा वर्षं टोकियोत, निशी-कासाइ भागात राहतो. आधी महिना ठरवा, जागा नंतर.

साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, सगळ्यांना हवा असतो, पण क्योतोत तो साधारण मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा एवढाच, आणि थंडी-उन्हाप्रमाणे मागेपुढे होतो. महिनोन् महिने आधी तिकिटं काढणाऱ्याने त्याच्या भरवशावर राहू नये. २९ एप्रिल ते ५ मे सुट्ट्यांचा आठवडा, सगळं जपान रस्त्यावर. जून-जुलैत त्यांचा पाऊस, ऑगस्टमध्ये दमट उकाडा आणि मध्यावर ओबोन या पितरांच्या सणाची गर्दी. वडीलधाऱ्यांसाठी नोव्हेंबर. हवा कोरडी असते, चालताना घाम येत नाही, आणि मोमिजीची, म्हणजे जपानी मेपलची, पानं लाल होतात. हा रंग डोंगरावरून खाली उतरत येतो: कोयासानसारख्या उंच जागी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात, क्योतोत महिन्याच्या मध्यानंतर. २३ नोव्हेंबरला सुट्टी असते, तिच्या आसपास क्योतोत राहू नका. आणि एक ध्यानात ठेवा, या दिवसांत पाच वाजायच्या आत अंधारतं, देवळंही साडेचार-पाचला बंद होतात. म्हणून दिवस सकाळी लवकर सुरू करायचा.

देशभराचा रेल्वे पास डोळे मिटून घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनांवरून ५०,००० वर गेला. तुम्ही एकाच भागात राहणार असाल तर कान्साइ-हिरोशिमाचा प्रादेशिक पास बघा. त्यात क्योतो, नारा, ओकायामा, हिरोशिमा येतात आणि हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाची रेल्वेची बोटसुद्धा.

सामान ओढत फिरू नका. 'ताक्युबिन' नावाची सोय आहे. हॉटेलच्या स्वागतकक्षात बॅग द्यायची, ती सहसा दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोचते. हातात दोन दिवसांचे कपडे ठेवायचे. गुडघा दुखणाऱ्या माणसाला याचं मोल कळेल.

फुजीचं काय, असं कुणीतरी विचारेलच. ३,७७६ मीटरचा डोंगर दिवसच्या दिवस ढगात दडून बसतो. थंडीतल्या सकाळी दिसायची शक्यता जास्त. एकट्या त्याच्यासाठी दोन दिवस घालवून आईबाबांना धुकं दाखवायचं, हे मी माझ्या आईवडिलांच्या वेळी केलं. पुन्हा करणार नाही.

---

लेणीवाला · १२ जून, दुपारी १.१५

संभाजीनगरहून लिहितोय. अजिंठ्यात जपानी पाहुण्यांना लेणी दाखवण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. एकदा एक वयस्क बाई पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. बाकीची मंडळी पुढे गेली तरी त्या हलेनात. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आमच्याकडचा जळाला."

त्या बोलत होत्या नाराजवळच्या होर्यूजीबद्दल. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती तिथे उभ्या आहेत. तिथल्या मुख्य मंदिराच्या भिंतींवरची चित्रं आणि अजिंठ्याची चित्रं यांचं नातं अभ्यासकांनी पुष्कळ वेळा दाखवलंय. वळणदार रेषा तीच, डोळे खाली झुकवलेले तसेच, बोटांची नजाकतही तशीच. २६ जानेवारी १९४९ ला आग लागली आणि ती चित्रं करपली. त्या धक्क्यातून पुढच्या वर्षी जपानने सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला. आजही २६ जानेवारीला, आपण झेंडावंदन करतो त्या दिवशी, तिथे मंदिरांवर पाण्याचे फवारे मारून आग विझवण्याचा सराव करतात. आज मंदिरात आहेत त्या चित्रांच्या नव्याने काढलेल्या प्रती. तरी जा. अजिंठा पाहिलेल्या मराठी माणसाने तिथे जावंच, असं मला मनापासून वाटतं.

नारातच तोदाइजी आहे. महाबुद्धाची सुमारे १५ मीटर उंचीची कांस्यमूर्ती. इ. स. ७५२ मध्ये त्या मूर्तीचे डोळे रेखून प्राणप्रतिष्ठा केली ती बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. ७३६ मध्ये तो जपानला पोचला होता. ज्या कुंचल्याने डोळे रेखले तो शोसोइन या कोठारात जपून ठेवलेला आहे. त्या कोठारातल्या निवडक वस्तू दरवर्षी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडतात. तारखा जुळल्या तर चुकवू नका.

नाराला लोक क्योतोहून अर्ध्या दिवसात उरकतात, हरणांना बिस्किटं घालतात आणि परत फिरतात. तुम्ही तीन रात्री राहा.

---

मुठाकाठ · १२ जून, संध्याकाळी ७.३०

लेणीवालादादा, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. बोधिसेनाचं ऐकून ते उठले आणि शब्दकोश घेऊन बसले. नारा पक्कं.

---

शेवंता · १२ जून, रात्री ९.२०

जाई, खाण्याबद्दल मी लिहिते. पाच वर्षांपूर्वी मी आईसोबत गेले होते.

जपानमध्ये "मी शाकाहारी आहे" एवढं सांगून भागत नाही. समोरच्याला वाटतं मांस नको. मासा त्यांच्या रशातच असतो. 'दाशि' म्हणजे त्यांच्या स्वयंपाकाचा पाया, आणि तो बहुधा वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या किसापासून करतात. भाजीची वाटी समोर येते, वरून सगळं हिरवं दिसतं, आणि रसात मासा असतो. माझ्या आईने पहिल्या दिवशी असं सूप घेतलं, नंतर कळल्यावर रात्रभर अस्वस्थ होती. म्हणून हे वाक्य पाठ करा किंवा जपानीत लिहून घ्या: "निकु मो, साकाना मो, कात्सुओ-दाशि मो ताबेरारेमासेन." मांस, मासे, कात्सुओची दाशि, काहीच चालत नाही. लिहिलेला कागद दाखवला की लोक आत जाऊन स्वयंपाक्याला विचारून येतात आणि खरं काय ते सांगतात. नाही जमणार असेल तर मान लववून नाही म्हणतात. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

पण एक जागा अशी आहे जिथे हा प्रश्नच पडत नाही. कोयासान.

ओसाकातल्या नांबा स्थानकावरून नानकाइ कंपनीची गाडी, मग डोंगर चढणारी केबल-रेल्वे, मग बस. वर सुमारे ८०० मीटर उंचीवर शंभराहून अधिक मंदिरांचं गाव आहे, आणि त्यांतल्या पन्नासेक मंदिरांत यात्रेकरूंना राहता येतं. रात्रीचं जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच, शोजिन-रियोरी. मांस, मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही, आणि दाशि असते कोंबू या समुद्री वनस्पतीची नाहीतर शिताके अळंब्यांची. तिळाचं गोमा-दोफू येतं. तीळ आणि कुझू वेलीच्या मुळाचं सत्त्व एकत्र शिजवून थापतात. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "हे तर तवकिलाच्या वड्यांसारखं." वाळवून ठेवायचं कोया-दोफू मूळचं तिथलंच. लाल-काळ्या वाट्या, प्रत्येकीत दोन घासांचं काहीतरी. भूक भागते.

पहाटे सहाला प्रार्थना. काही मंदिरांत त्यानंतर अग्नीत समिधा देतात. त्या विधीचं नाव 'गोमा'. आपला होम. शब्दसुद्धा तोच, प्रवासात बदललेला. मंत्र कानावर पडले तेव्हा आईने माझा हात धरला.

सोय-गैरसोय: खोलीत तातामी, म्हणजे गवती चटया, जमिनीवर गादी. गुडघ्यासाठी आधी कळवून खुर्ची मागा, पुष्कळ ठिकाणी देतात. थंडी कडक असते. जोडे घालायला-काढायला सोपे घ्या, दिवसातून दहा वेळा काढावे लागतात.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गावाच्या वेशीवर न्योनिनदो नावाचं छोटं मंदिर आहे. बायकांचं मंदिर. १८७२ मध्ये सरकारने बंदी उठवेपर्यंत कोयासानच्या आत बायकांना प्रवेश नव्हता. डोंगराच्या वाटांवर अशी सात मंदिरं होती. बायका तिथवर यायच्या, बाहेरूनच प्रार्थना करायच्या, कड्याकड्याने डोंगराला वळसा घालायच्या आणि परत जायच्या. सातांतलं हे एकच उरलंय. बसच्या खिडकीतून निसटून जातं. उतरून पाहा. मला तिथे जेवढं भरून आलं तेवढं मोठ्या गाभाऱ्यांसमोरही आलं नाही.

---

पायवाट · १३ जून, सकाळी ७.००

माउली, शेवंताताईंनी कोयासान काढलंच आहे तर त्याच डोंगररांगेबद्दल लिहितो. मी आळंदी ते पंढरपूर अकरा वेळा चाललोय, आणि जपानला गेलो तो चालायलाच.

कोयासानच्या ओकुनोइनमध्ये दोन किलोमीटरचा बराचसा सपाट रस्ता आहे. दोन्ही बाजूंना सुगी नावाचे गगनभेदी सूचिपर्णी वृक्ष, आणि त्यांच्या मुळांशी दोन लाखांहून अधिक समाध्या. सरदारांच्या, भिक्षूंच्या, साध्या माणसांच्या. टोकाला कोयासान वसवणारे भिक्षू कूकाइ, म्हणजेच कोबो दाइशी, यांची समाधी. ८३५ साली ते गेले असं इतिहास सांगतो. तिथले लोक मात्र ते आत ध्यानात बसले आहेत असं मानतात, आणि रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला त्यांच्यासाठी जेवण घेऊन जातात. संजीवन समाधी म्हणजे काय हे आळंदीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मी पुलाशी उभा होतो. दोन भिक्षू लाकडी पेटी खांद्यावर घेऊन गेले. आपोआप हात जुळले. त्या पुलापलीकडे फोटो काढत नाहीत, टोपी काढून जातात.

मुठाकाठ, तुमच्या वडिलांसाठी खास: त्या समाध्यांचे दगड नीट बघायला सांगा. पुष्कळ समाध्या पाच दगडांच्या आहेत, खाली चौकोन, वर गोल, मग त्रिकोणी छप्पर, मग अर्धगोल, मग थेंब. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. दगडांवर अक्षरं कोरलेली असतात. ती जपानी नाहीत. सिद्धम् आहेत, ब्राह्मीच्या वंशातली, नागरीची भावंडं. खालून वर वाचत जायचं: अ, व, र, ह, ख. सगळ्यात वर आकाशाचा ख. आपल्या खगोलातला, खगातला. कूकाइंनी चीनमध्ये प्रज्ञा नावाच्या भारतीय भिक्षूकडून संस्कृत शिकून घेतलं आणि ८०६ मध्ये ही विद्या घेऊन परतले. आपल्याकडे ही लिपी वापरातून गेली, तिथे आजही समाधीमागच्या लाकडी फळ्यांवर शाईने लिहितात. त्या फळीला म्हणतात 'सोतोबा'. स्तूप.

कोयासानच्या दक्षिणेला कुमानोच्या वाटा आहेत. २००४ पासून जागतिक वारसा. नाकाहेची वाटेचा पूर्ण पल्ला तुमच्यासाठी नाही, चढउतार जीव काढतात. मात्र होश्शिनमोन-ओजीपर्यंत बसने जाऊन तिथून कुमानो होंगू या देवळापर्यंतचे सात किलोमीटर बरेचसे उताराचे आहेत. तुम्ही आणि बहीण चालू शकाल. बाबांच्या गुडघ्याला उतारच नको, त्यांनी खाली होंगूला थांबावं. मूळ देऊळ नदीच्या पात्राजवळ होतं. १८८९ च्या पुरात बरंचसं वाहून गेलं, वाचलेलं उचलून टेकडीवर नेलं. जुन्या जागी आता ३३.९ मीटर उंचीचा तोरीइ, म्हणजे देवळापुढची कमान, एकटा उभा आहे. पण कोयासानहून तिथे जायला बरेच तास लागतात. चौदा दिवसांत दोन्ही करायचं तर दुसरं काहीतरी सोडावं लागेल.

शिकोकू बेटावर ८८ देवळांची वाट आहे, सुमारे १,२०० किलोमीटर. मी त्यातला पहिला थोडाच भाग चाललो. पांढरा अंगरखा, वेताची टोपी, हातात काठी, आणि टोपीवर लिहिलेलं असतं "दोग्यो निनिन", दोघे मिळून चाललोय, म्हणजे मी आणि कोबो दाइशी. वाटेत एका आजींनी मला थांबवून दोन संत्री हातात ठेवली आणि नमस्कार केला. याला ओसेत्ताइ म्हणतात. नाकारायचं नसतं. वारीत लोणंद-फलटणकडे लोक दारात उभे राहून भाकरी हातावर ठेवतात, अगदी तसंच. पहिलं देऊळ र्योझेनजी. नावाचा अर्थ विचारला तर बुद्धांनी उपदेश केला तो राजगीरचा गृध्रकूट डोंगर निघाला.

---

कुळागर · १३ जून, दुपारी ३.४५

सगळे देवळांबद्दल बोलतायत. कंपनीच्या कागदातलं शिराकावा-गो तुम्ही सोडणार असाल तर त्याची बाजू मी मांडतो.

गाश्शो म्हणजे जोडलेले हात. तिथल्या घरांचं छप्पर नमस्कारासारखं उभं असतं, साठ अंशांच्या आसपास उतार, कारण हिमवर्षाव प्रचंड. वरचा सांगाडा दोरखंडांनी आणि कोवळ्या फांद्यांनी बांधलेला, खिळा नाही. वरच्या माळ्यांवर रेशमाचे किडे पाळायचे. छप्पर शाकारायची वेळ आली की एका घरच्यांना ते अशक्य, म्हणून अख्खं गाव गोळा होतं. त्याला म्हणतात 'युइ'. आमच्या आजोबांच्या काळी कोकणात घर शाकारायला वाडी यायची, घाटावर शेतीच्या कामाला इर्जिक असायचं. मी तिथे उभा राहून छप्पर बघत होतो आणि डोळ्यांसमोर आमचं पडवीचं घर होतं, ज्याच्यावर आता पत्रा आहे. १९९५ मध्ये ती गावं जागतिक वारशात गेली.

मात्र कंपन्या नेतात तसं दीड तासासाठी जाऊ नका. दुपारी बसगाड्यांची रांग लागते. गर्दी ओसरल्यावर गाव आपलं रूप दाखवतं, म्हणून मुक्काम हवा. तेवढा वेळ नसेल तर सोडा. अर्धवट बघितलं तर चुटपुट लागते.

---

मुठाकाठ · १३ जून, रात्री १०.१०

कुळागर, तुमचं वाचून घालमेल झाली. पण ते उत्तरेला, आमचं सगळं दक्षिणेकडे सरकतंय. बाबांना बसचा लांब प्रवास नको. या खेपेला नाही.

आता हातात नारा, कोयासान, क्योतो, ओकायामा. टोकियो पूर्ण सोडलं तर फार मोठी चूक होईल का?

---

तोक्योकर · १४ जून, पहाटे ६.०५

इथे राहत असूनही सांगतो, सोडा. ओसाकाच्या कान्साइ विमानतळावर उतरा, तिथूनच परत जा. टोकियोत मी तुमच्या आईबाबांना एकाच ठिकाणी आग्रहाने नेलं असतं. आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन नावाचं मंदिर आहे, तिथे कांगितेन, म्हणजे आपला गणपती. मूर्ती झाकलेली असते, दर्शन होत नाही. नैवेद्य मुळ्याचा. पांढऱ्या जाड दाइकोनच्या राशी देवासमोर असतात, मंदिरावरही मुळ्याची चिन्हं कोरलेली. मी दर संकष्टीला जातो.

पण क्योतोतही गणपतीचं काही मिळेल. गिओन भागात जुन्या मिठाईच्या दुकानात 'सेइजो कांकिदान' मागा. कांगितेनाला वाहायचा पदार्थ. आत आझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण, त्यात दालचिनी-लवंग-चंदनासारखे सुगंध, वरून पिठाची पारी, तोंडाशी कळ्या जुळवलेल्या आणि तिळाच्या तेलात तळलेला. आईंना काहीही न सांगता हातात द्या. तळणीचा मोदक म्हणून ओळखतील.

बाबांना आणखी एक सांगा. जपानी मुलं अक्षरं शिकतात ती आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या क्रमाने. हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आला. म्हणून आपल्याला तो तक्ता पाठ करायला वेळ लागत नाही.

क्योतोत यादी छोटी ठेवा. फुशिमी इनारी रात्रंदिवस उघडं असतं, सकाळी साडेसहाला जा, खालच्या तोरीइंच्या रांगेपर्यंतच जायचं, डोंगर चढायचा नाही. सानजूसानगेनदो मात्र दोन तास काढून बघा. सुमारे १२० मीटर लांब सभागृह, करुणेची देवता कान्नोन हिच्या १,००१ मूर्ती, आणि पुढे उभे २८ रक्षक देव. त्यांत बासरी वाजवणारा गरुड आहे, नारायण आहे, किन्नर आहे. तोजी मंदिराच्या व्याख्यानगृहात चार हंसांवर बसलेला ब्रह्मदेव आणि हत्तीवरचा इंद्र. दोन्ही ठिकाणी जमीन सपाट.

---

शेवंता · १४ जून, सकाळी ११.३०

ओकायामापर्यंत जाताय तर पुढे मियाजिमाला एक रात्र नक्की. भरतीला तोरीइ पाण्यात उभा दिसतो, ओहोटीला पायी त्याच्या खांबापर्यंत जाता येतं. आताचा तोरीइ १८७५ चा. खांब जमिनीत पुरलेले नाहीत, स्वतःच्या वजनावर उभा आहे. भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघून ठेवा. संध्याकाळच्या बोटीने सगळे परत जातात आणि बेटावर फक्त हरणं आणि राहणारे उरतात. शेजारी दाइगानजी मंदिरात बेनझाइतेन आहे. आपली सरस्वती, समुद्राकाठी.

---

मुठाकाठ · २७ नोव्हेंबर, रात्री ८.५०

मंडळी, सोमवारी परतलो. आधी सगळ्यांना नमस्कार. तुमच्या सांगण्यावरून केलेला आराखडा असा झाला: नारा ३ रात्री, कोयासान २, क्योतो ५, ओकायामा १, मियाजिमा २, शेवटची ओसाका. कुमानो राहिलं. शिराकावा-गो राहिलं.

सामान पुढे पाठवण्याचा सल्ला सोन्याचा. शेवंताताई, तुमचं वाक्य बहिणीने कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवलं होतं. तीन ठिकाणी "जमणार नाही" म्हणाले, आणि त्यांतल्या एका दुकानदाराने बाहेर येऊन पाच मिनिटं चालत दुसऱ्या खाणावळीपर्यंत सोडलं. क्योतोत कांकिदान आईने हातात घेतलं, कळ्या मोजल्या आणि दुकानदार बाईंना मराठीत विचारलं, "उकडीचे करत नाही का?" त्या हसून मान लववत राहिल्या.

होर्यूजीत बाबा भिंतीसमोर बराच वेळ होते. लेणीवालादादा, ते म्हणाले, आता पुन्हा अजिंठ्याला जायचं. जानेवारीत येतोय, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवते.

कोराकुएनबद्दल सांगायचं तर बाबा आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं काही बोललेच नाहीत. इकेदा त्सुनामासा या सरदाराने १७०० साली पुरी केलेली बाग. हिरवळ केवढी मोठी, आणि झाडांवरून पलीकडे काळा किल्ला दिसतो, तो बागेचाच भाग वाटावा असा. मधे भाताचं छोटं खाचर, चहाचे वाफे. बाबा म्हणाले, "आपल्या बागेत पाण्याचं वळण असंच आहे, पण इथे ते कुठे जातं ते दिसत नाही." मग एका झाडाची पडलेली पानं वेचणाऱ्या माळीबुवांना त्यांनी फोनवरचा पुण्याच्या बागेचा फोटो दाखवला. भाषा दोघांनाही येत नव्हती. माळीबुवांनी हातातली टोपली खाली ठेवली, फोटो मोठा करून बघितला, आणि बाबांना बरोबर घेऊन ओढ्याच्या एका कोपऱ्याशी गेले, दगड कसे लावलेत ते हाताने दाखवायला. गुडघ्याची आठवण बाबांना संध्याकाळी झाली.

आणि कोयासान. पायवाटदादा, ओकुनोइनच्या दोन किलोमीटरला आम्हाला साडेतीन तास लागले. बाबा प्रत्येक पाचदगडी समाधीपाशी थांबत होते. शेवाळ होतं तिथे वाकून वाकून बघत होते. अ, व, र, ह, ख. हळूहळू आईलाही वाचता यायला लागलं. दुसऱ्या दिवशी कोंगोबुजीत, तिथल्या मुख्य मंदिरात, ध्यानाला बसायला मिळालं. बाबांना खुर्ची दिली. समोर लांब टांगतं चित्र, त्यावर पांढरं चंद्रबिंब, कमळ, आणि बिंबात एकच अक्षर. भिक्षूंनी समजावलं की या अक्षराकडे बघत श्वास सोडायचा. या ध्यानाचं नावच 'आजिकान', अ या अक्षराचं दर्शन. आम्ही बाकीचे डोळे मिटून बसलो. मी मध्येच एकदा बघितलं तर बाबांचं बोट मांडीवर ते अक्षर गिरवत होतं.

घरी आल्यापासून ते वहीत सिद्धम् काढून बघतायत. अ आणि ख जमलेत, ह चं वळण चुकतंय म्हणतात. कुणाकडे सिद्धम् अक्षरांचा चांगला तक्ता असेल, शक्यतो कुंचल्याच्या फटकाऱ्यांची दिशा दाखवणारा, तर कृपया इथे द्या. बाबा शेजारी बसून विचारतायत.